गळतीवरचा दिवा

बंद पडलेल्या यंत्राची मला भीती वाटत नाही. ते सरळ असतं. बटण दाबलं, काही झालं नाही, उघडलं, जळालेलं काढलं, नवीन टाकलं, संपलं. भीती वाटते ती अर्धवट जित्या यंत्राची. दिवा लागलेला असतो, माणसं दिव्याकडे बघून निर्धास्त असतात, आणि आत कुणी जागं नसतं. आमच्या वाडीच्या भोंग्याचं हेच झालं.

मी सारिका. महाडच्या बाजारपेठेत मुदस्सरभाईचं मोबाइलचं दुकान आहे, तिथे मागच्या टेबलावर मी बसते. डिप्लोमा केला, पुण्याला एका कंपनीत बोर्ड तपासायचं काम केलं, कंत्राट संपल्यावर त्यांनी काढलं, परत आले. चार्जर, इन्व्हर्टर, लॅपटॉप, मार्चात चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला लागणारे अ‍ॅम्प्लिफायर, जे येईल ते दुरुस्त करते. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, एकवीस सालच्या पुराची रेघ आहे. मुदस्सरभाई दर वर्षी रंग मारतो. रेघ परत वर येते.

आई पोलादपूरच्या पुढे राहते. कशेडीचा घाट लागायच्या आधी आत वळलं की चढावर आमची वाडी, टेपाचा कोंड. आईचं नाव तुळसा. घरात ती एकटी, सोबतीला दोन शेळ्या. भाऊ भरत नालासोपाऱ्याला. वाडीतल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी मुंबईला आहे. मागे उरलेत ते म्हातारे, गुरं आणि कुलपं.

वाडीच्या वर डोंगर चिरलाय. चिरलाय म्हणजे खरंच चिरलाय, भेगेत काठी घातली तर काठी आत जाते. आणि सगळ्यात वरचं घर आमचं. साहेब लोक आले, फोटो काढले, आणि म्हणाले, पावसाळाभर खाली रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये राहा, नाहीतर भोंगा बसवतो. त्या शेड मी बघितल्या आहेत. त्यात माणूस राहत नाही, फक्त मोजला जातो. वाडीने भोंगा घेतला. कुणीही घेतला असता.

आईचं म्हणणं सोपं होतं. "भोंगा वाजला की निघायचं. नाय वाजला तर झोपायचं."

मी तिला महाडला बोलवायचे तेव्हा ती हेच उत्तर द्यायची. म्हणजे तिचा जीव आता त्या भोंग्यावर टांगलेला. तो वाजला पाहिजे. माझ्या लेखी बाकी काही नव्हतं.

भोंग्याचा डबा बसवला देवळाच्या ओट्यावर, कारण अख्ख्या वाडीत मोबाइलचं नेटवर्क तेवढंच येतं. आत पंजाएवढा कॉम्प्युटर, आणि त्याला यूएसबीचा हब. हब म्हणजे एका तोंडाची चार तोंडं करणारा बोर्ड. एका तोंडाला पाऊस मोजायचं यंत्र, दुसऱ्याला मोडेम, तिसऱ्याला भोंगा. चौथं रिकामं. पाऊस ठरावीक मापाच्या वर गेला की कॉम्प्युटर भोंगा वाजवणार. लाइट गेली तर सगळं आतल्या बॅटरीवर चालणार. दुपारी बाराला रोज एकदा भोंगा बारीक आवाज काढायचा, 'टूं', म्हणजे मी ठीक आहे. शिवाय डब्यावर हिरवा दिवा.

मे महिन्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाराचा टूं वाजत नाय गो कालपासून. पण दिवा हाय. म्हंजे ठीकच असंल."

मी दुसऱ्या दिवशी मीटर पिशवीत टाकला आणि निघाले.

वाडीत पोचले तेव्हा लाइट नव्हती. वळवाच्या वाऱ्याने कुठेतरी फांदी तारेवर पडली होती, ती काढायला कोण येणार आणि कधी, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. ओट्यावर गावकीचा भिकूआबा बसलेला. डब्याची किल्ली त्याच्या करगोट्याला. वयाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा.

"ह्यो बघ दिवा," तो म्हणाला. "चालू हाय."

दिवा होता. पण मंद. कंदिलाची वात कुणी खाली केल्यासारखा. मला तो मंदपणा आवडला नाही.

"असाच असतो का आबा हा?"

"लाइट असली की लख्ख असतो. लाइट गेली की जरा बारीक होतो. बॅटरी वाचवत असंल बिचारा."

"बॅटरी वाचवायला तो काय तुमची सून आहे?"

भिकूआबा हसला. माझी आई हसली नाही. ती डब्याकडे बघत होती, देवाकडे बघावं तशी.

मी झाकण उघडलं, मीटर लावला. आता इथे थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं एवढ्यावरच आहे. लाइट गेली की हबची लाइन मेली पाहिजे. पूर्ण शून्य. आत एक स्विच असतो, तो लाइन मेली हे बघतो आणि मगच बॅटरी जोडतो. बॅटरी जोडली की सगळे क्रमाने उठतात. आधी हबची चिप, मग मोडेम, मग पावसाचं यंत्र, शेवटी भोंगा. हा क्रम पाळला तरच डबा जिता. आणि क्रम सुरू होतो शून्यापासून. जो नीट मेला नाही तो नव्याने उठत नाही.

मीटर शून्य दाखवत नव्हता. दोन व्होल्ट दाखवत होता. दोन व्होल्टमध्ये हब चालत नाही, भोंगा तर नाहीच नाही. पण दिव्याला तेवढे पुरतात. आणि स्विच आपला ताटकळत उभा, लाइन अजून जिती आहे असं समजून. बॅटरी भरलेली, शेजारी पडलेली, जोडायला कुणी नाही.

आत वीज कुठून तरी गळत येत होती. कुठून, ते शोधायचं होतं.

अ‍ॅडॉप्टर काढला. दोन व्होल्ट. मोडेमची वायर काढली. दोन. पावसाच्या यंत्राची काढली. दोन. भोंग्याची काढली. तरी दोन. तोपर्यंत ओट्यावर बायका जमल्या होत्या. वाडीत दुसरी करमणूक नाही.

"कुणाला शिव्या घालतेस गो तोंडातल्या तोंडात?" भिकूआबाने विचारलं.

"जो सापडेल त्याला."

मग मी डबा भिंतीपासून जरा ओढला. डब्याला झेंडूची माळ होती, हळद-कुंकू होतं. माळेच्या मागून चौथ्या तोंडातून एक पांढरी वायर खाली गेलेली, आणि तिच्या टोकाला, देवळाच्या कोनाड्यात, पणतीशेजारी, एक पॉवरबँक.

"हे काय आहे?"

"ते माझं हाय," आई म्हणाली. "भरत्याने दिवाळीला दिलं ते. घरच्या लाइनला दाब नसतो गो, बल्ब पिवळा पडतो. इथं चांगला चार्ज होतो. सगळीच लावतात मग त्याला फोन."

मी वायर ओढली. मीटर खाली आला. दीड, एक, शून्य. हिरवा दिवा विझला.

"विझवलास गो बाय," एक बाई म्हणाली, आणि कुणीतरी डब्याला हात जोडले.

आतून 'टक' आवाज आला. स्विचने बॅटरी जोडली. दिवा लख्ख पेटला. मी मोडेमची, पावसाच्या यंत्राची, भोंग्याची वायर परत लावली, आणि भोंग्याने उठल्याची खूण म्हणून एक लांब हंबरडा फोडला. कुत्री पळाली. आमची शेळी दावं तोडून खाली उतारावर गेली. सगळी वाडी हसली. मीसुद्धा.

"म्हंजे तुळसाचा पावरबँक सरकारी भोंगा खातो व्हय," भिकूआबा म्हणाला.

"माझ्या भरत्याला नावं ठेवू नको," आई म्हणाली.

भरतने स्टेशनबाहेरच्या टोपलीतून घेतलेली असणार ती. स्वस्तातली पॉवरबँक ज्या तोंडाने वीज घेते त्याच तोंडाने परत ओकते. लाइट असेपर्यंत ती डब्यातून पीत होती. लाइट गेली की डब्यात ओकत होती. त्या ओकारीवर दिवा लागायचा आणि वाडी झोपायची.

चूक पॉवरबँकेची नव्हती. चौथं तोंड रिकामं ठेवायचं आणि त्यातून उलटी वीज आत येऊ शकते याचा विचारच करायचा नाही, हा डबा बनवणाऱ्याचा निर्लज्जपणा. वातानुकूलित खोलीत टेबलावर लाइट गेली असं समजून त्यांनी प्लग काढला असेल, डबा बॅटरीवर गेला असेल, टाळ्या वाजवल्या असतील. जिथे लाइट जाते तिथे माणसं फोन हातात घेऊन एखादं भोक शोधत असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मी डब्याचं कागदी सील फाडलं. बॅटरीवरचं सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे होतं. चौथ्या तोंडाला एक डायोड लावला, म्हणजे वीज एकाच दिशेने जाईल, परत यायची नाही. आणि लाइनवर एक रेझिस्टर, जे काही थोडं शिल्लक राहील ते जमिनीत ओतायला. कमी व्होल्ट खाणारा डायोडही पिशवीत होता. पण तो उन्हात तापला की स्वतःच गळतो, आणि देवळावर पत्रा आहे. म्हणून साधा लावला. साध्या डायोडमध्ये थोडे व्होल्ट वाया जातात.

"ऐका," मी सगळ्यांना म्हणाले. "आता इथे पॉवरबँक नीट चार्ज होणार नाही. घरी करा, पोलादपूरला करून आणा, काय वाटेल ते करा. पण भोंगा वाजेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला आमच्याकडे पैसे पडत नाहीत.

जाताना आईने मला वाटेपर्यंत सोडलं. "आता नीट झाला ना?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाराला तिने मुद्दाम फोन करून मला टूं ऐकवला.

*

जूनमध्ये पाऊस धरल्यावर दुकानात एक बाई आली. पाठीवर सॅक, पायात चिखलाचे बूट. तिने माझ्या टेबलावर एक हिरवा बोर्ड ठेवला. त्यावर माझा डायोड होता.

"मी प्रियदर्शिनी. भोंग्याच्या कंपनीकडून फील्डला असते," ती म्हणाली. "हे तुम्ही लावलं?"

"हो."

"बरोबर लावलंय."

"मग काढलं का?"

ती स्टूल ओढून बसली. मुदस्सरभाईने चहा सांगितला, आणि मग पुढच्या काउंटरवर जाऊन उभा राहिला, ऐकू येईल इतका जवळ.

"गावातून तक्रार आली. डबा बिघडला, चार्जिंग होत नाही. तक्रार आली की बोर्ड बदलायचा असा नियम आहे. मी बदलला."

"चार्जिंग होत नाही अशी तक्रार? भोंग्याच्या डब्याची?"

"भिकू नावाच्या माणसाने केली."

मी बोर्ड हातात घेऊन उलटा केला. बोलले असते तर भलतंच बोलले असते.

"नवा बोर्ड कसला आहे? गळकाच?"

"सगळे तसेच आहेत. प्रत्येक डब्यात तोच बोर्ड."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या पावसाआधी सांगितलं होतं मी. लाइन शून्याला येत नाही, क्रम सुरू होत नाही, सगळं आकृती काढून सांगितलं. ते म्हणाले, चौथ्या तोंडाला काही लावू नये असं माहितीपत्रकात छापलंय. विषय संपला."

"परत सांगा. वरच्यांना सांगा. पेपरात द्या."

"देईन. मग काय होईल सांगते." ती शांतपणे बोलत होती, आणि त्या शांतपणाची मला चीड येत होती. "सगळे डबे काढून परत नेतील. तपासायला. पावसाळाभर एकाही डोंगराखाली डबा नसेल. आत्ता निदान कुणी काही खुपसलं नाही तर वाजतात."

"आणि खुपसलं तर?"

चहा आला, तो तिने घेतला.

"माझ्या आईचं घर सगळ्यात वर आहे," मी म्हणाले.

"मग आईला खाली आणा."

हे ती मनापासून बोलली. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. म्हणूनच मला ती तेव्हा नको झाली.

"हा बोर्ड मला द्या. मी परत बसवते."

"जमा करावा लागतो. आणि नव्यात तुम्हाला हात घालता येणार नाही. छेडछाड झाली म्हणून आता बोर्डावर राळ ओतून पाठवतात. दगड झालाय तो."

ती गेल्यावर मुदस्सरभाई मागे आला. तो सौदीत बरीच वर्षं एसी दुरुस्त करून आलेला, फार बोलत नाही.

"पोरगी खोटं बोलत नव्हती," तो म्हणाला.

"तेच तर."

*

मी वाडीत गेले ती भांडायलाच. येताना गोंदाची ट्यूब घेतली होती. चौथ्या तोंडात गोंद भरायचा, एवढंच ठरवलं होतं. ओट्यावर भिकूआबा होताच, आणि माझ्या हातातली ट्यूब बघून तो डब्यासमोर जाऊन बसला. पाठ डब्याला टेकवून.

"तक्रार तुम्ही केलीत?"

"मग कोण करणार? तू डबा बिघडवून गेलीस."

"मी दुरुस्त केला होता आबा. वाजत होता."

"वाजत व्हता, कबूल. पण फोन बंद पडले. माझा हृतिक तिकडं कळंबोलीला ट्रकवर हाय. घाटात दरड येते, ट्रक अडकतो, पोरगं कुठं हाय ते कळायला नको? भोंगा वाजला तर एक दिस वाजंल. फोन रोज लागतो."

"आणि तो एक दिवस आला तर?"

"तेव्हाच्याला बघू."

"तेव्हा बघायला कोण असणार आहे?"

त्याने पाठ आणखी घट्ट टेकवली. मग हळू म्हणाला, "सारिका, गोंद घालायचा तर माझ्या डोळ्यांत घाल. ह्या भोकात नको." आणि त्याच्या आवाजात धमकी नव्हती. मला वाटलं होतं धमकी असेल, मग मला भांडता आलं असतं.

गोंदाऐवजी मग वायरीतच डायोड घालून मी एक खास वायर करून दिली. भराभर चार्ज होत नाही म्हणून दोन दिवसांत कुणीतरी ती काढली आणि साधी लावली. वाडीत वायरींना तोटा नाही, मुंबईहून येणारा प्रत्येक जण एक विसरून जातो. भरतला फोन करून सांगितलं, आईला चांगली पॉवरबँक पाठव. तो म्हणाला, "चालतेय ना ती, काय झालंय तिला?" मी समजावलं. तो 'हं हं' करत राहिला. तिकडे कुणाशी तरी बोलत होता.

आईला म्हणाले, चल महाडला. पावसाळ्यापुरती.

"तुझ्या महाडात पाणी भरतं," ती म्हणाली. "माझ्याकडं डोंगर. फरक काय?"

"माळा आहे दुकानावर. वर जाता येतं."

"शेळ्या चढतील माळ्यावर?"

मला राग आला. तिच्यावर नाही, तिचं खरं होतं म्हणून. तिच्या जन्मात तिला सुरक्षित जागा अशी कुणी दाखवलीच नाही, फक्त एका धोक्यातून दुसऱ्या धोक्यात जा म्हणून सांगणारे आले. आता त्यांत मी एक.

शेवटी तडजोड झाली. तडजोड म्हणजे हरलेल्याने ठेवलेलं नाव. लाइट गेली की जो कोणी ओट्याजवळ असेल त्याने डब्यातली पॉवरबँकेची वायर ओढून काढायची. दिवा एकदा पूर्ण विझू द्यायचा. मग परत पेटेल. ओळखू यावी म्हणून मी त्या वायरीला डब्याच्या तोंडाजवळ लाल चिंधी बांधली. आईला दाखवलं, भिकूआबाला दाखवलं, तिच्याकडून तीनदा करून घेतलं. ती वायर ओढायची, दिवा विझला की डोळे मिटायची, पेटला की उघडायची.

"विझवायचा माझा हात व्हत नाय गो," ती म्हणाली. "देवळातला दिवा हाय."

"देवळातला नाही आये. डब्यातला."

"डबा देवळातच हाय ना."

तिच्या फोनची बॅटरी तेव्हाच फुगलेली दिसली. वायर काढली की फोन बंद. मी नवी मागवते म्हणाले, आणि मागवली. ती आली. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरात होती.

*

जुलैत एका दुपारी सावित्रीचं पाणी बाजारपेठेच्या खालच्या टोकाला आलं. महाडात ही बातमी कुणी कुणाला सांगत नाही, शटरच्या आवाजावरून कळते. सगळे एकदम सामान वर चढवायला लागले. मुदस्सरभाई मोबाइलचे खोके माळ्यावर फेकत होता, मी खाली उभी राहून देत होते. पोलादपूरचा रस्ता सकाळीच बंद झाला होता; घाटाच्या अलीकडे माती उतरली, ट्रक जागच्या जागी उभे. मी सकाळी निघायला बघितलं होतं. स्टँडवरून परत आले.

फोन वाजला. आई.

"लाइट गेली गो," ती म्हणाली. पावसाचा आवाज इतका की ती ओरडत होती. "पाऊस लय हाय. ओढा वरनं लाल येतोय, दगड वाजतायत त्यात."

लाल पाणी आणि दगड. मी खोका खाली ठेवला.

"कुठे आहेस तू?"

"ओट्यावर. आमी सगळीच हाव. भिकूआबा हृतिकला फोन लावतोय, लागत नाय."

"भोंगा वाजला?"

"नाय. पण दिवा हाय."

"कसा आहे दिवा? लख्ख की बारीक?"

"नीट दिसत नाय, पावसाची झड येतेय डोळ्यांवर. हिरवा हाय. हिरवाच दिसतोय."

"आये, ऐक माझं. पॉवरबँकेची वायर काढ. डब्यातली. लाल चिंधीची."

"कुठली?"

"लाल चिंधी बांधली होती ना मी."

"लाल तर समद्यांना हाय गो."

मला कळेना. "काय समद्यांना?"

"चिंध्या. तू बांधलीस म्हणून आमीबी बांधल्या. आषाढात. पालखीला बांधतात तशा. ह्या वायरीला, त्या वायरीला, माझ्या फोनच्याला पन. भोंग्याने राखावं म्हणून."

मुदस्सरभाई माळ्याच्या शिडीवर थांबला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं माहीत नाही.

"आये, सगळं सोड. भोंगाबिंगा सोड. सगळ्यांना घेऊन निघ. खाली शाळेत जा, आत्ता."

ती वळून कुणाला तरी काही म्हणाली. मागून भिकूआबाचा आवाज आला, "भोंगा वाजंल तेव्हा निघू म्हणावं. ह्या पावसात म्हातारी माणसं कुठं उतारावर घालतेस? पाय सटकून मरतील ती येगळीच." त्याचंही खोटं नव्हतं. वाट उतरणीची, आणि वाटेवरच ओढा.

"आबा काय म्हणतो ऐकलंस ना," आई म्हणाली.

"भोंगा वाजणार नाही आये. तो मेलाय. दिवा खोटा आहे."

"असं बोलू नये गो."

"बरं. मग वायर काढ. सांगते कुठली. डब्यावर हात फिरव. डाव्या बाजूला, सगळ्यात शेवटचं तोंड. तिथून पांढरी वायर निघते, कोनाड्यात जाते. कोनाड्यात पॉवरबँक आहे. डब्याच्या बाजूने ओढायची. डब्याच्या बाजूने. कळलं?"

"थांब. हात पोचू दे. ह्या किती वायरी झाल्यात गो इथं." तिचा श्वास ऐकू येत होता. कुणीतरी शेजारी रडत होतं, किंवा शेळी असेल. "पांढरी ना?"

"पांढरी."

"चिंधी ओली झालीय. हातात आली. ओढू?"

"डब्याच्या बाजूने आहे ना ती?"

"व्हय गो. ओढते. विझंल ना पर दिवा?"

"विझू दे. विझला की लगेच पेटेल. मग भोंगा ओरडेल, शेळी पळाली होती ना तसा. तू फोन कानाला ठेव, मला ऐकव."

"बरं," ती म्हणाली.

आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. भिकूआबाचा लावला, तोही तसाच.

"काय झालं?" मुदस्सरभाईने विचारलं. पाणी दुकानाच्या उंबऱ्याला लागलं होतं.

"तिने वायर ओढली."

"मग? झालं ना काम?"

मुदस्सरभाईला एसी कळतो, सांगितलं असतं तर लगेच कळलं असतं. बरोबर वायर ओढली असती तर डबा वेगळा झाला असता, पण पॉवरबँक फोनला तशीच लागलेली राहिली असती. फोन चालू राहिला असता. मला टक ऐकू आलं असतं, मग भोंगा. फोन बंद पडला, म्हणजे तिच्या हातात आली ती तिच्याच फोनची वायर, जिच्याशिवाय फुगलेल्या बॅटरीवर तो चालत नाही. किंवा तिकडचा टॉवर गेला. असंही असू शकतं. टॉवर जातात. दुरुस्तीत शेवटपर्यंत एक शक्यता उरवायची असते, नाहीतर हात चालत नाहीत. मी ती उरवली. हात तरी चालेनात.

"सारिका, टेबल उचल," मुदस्सरभाई म्हणाला. "पाणी आत आलं."

मी ड्रॉवर उघडला. वर नवी बॅटरी होती, आईच्या फोनची, पाकिटातून न काढलेली. ती ब्लाउजमध्ये खोचली आणि टेबलाचा एका बाजूचा पाय धरला. पाणी थंड होतं, आणि त्याला मातीचा वास येत होता, वरच्या अंगाच्या मातीचा.

तिथून इथपर्यंत भोंगा ऐकू येत नाही. वाजला तरी नाही. ओट्यावर दिवा लागलेला असणार, हिरवा, बारीक, पॉवरबँकेत जेवढी शिल्लक आहे तेवढा वेळ. आणि माझी आई हातात ओली चिंधी धरून त्याच्याकडे बघून सगळ्यांना सांगत असणार, विझला नाय बघा, चालू हाय, बसा.